अख्खा सीना धुरावर: पहिलीच खेप आहे, सांभाळून घ्या

मळ्यातला_भुसावळकर (शनिवार, रात्री १०.१०)

नमस्कार मंडळी. धागा मांसाहाराचा आहे. ज्यांना वावडं असेल त्यांनी इथूनच वळावं, राग नाही.

कंपनीच्या कामानं सात महिने टेक्सासात होतो. तिथं ब्रिस्केट नावाचा प्रकार खाल्ला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. गाईच्या छातीचा पाच-सहा किलोचा अख्खा तुकडा, त्याला फक्त मीठ आणि भरड मिरी. मंद धुरावर बारा-चौदा तास. बाहेरून डांबरासारखा काळा दिसतो, पण सुरी लावली की आत लुसलुशीत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं जळालंय, परत करावं. बरं झालं केलं नाही.

आता इकडे परत आलोय. गाय-बैल आपल्याकडे नाही, म्हणून म्हशीचं करायचं ठरवलंय. काल ओळखीच्या खाटीकभाऊंकडे गेलो. "सीना द्या, अख्खा." त्यांनी सुरी खाली ठेवली. "बिर्याणी का?" नाही. "मग तुकडे कसे पाहिजेत?" एकच. "एकच म्हणजे?" म्हटलं, जसा निघेल तसा, हाड तेवढं काढा. पस्तीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं म्हणे. पुढच्या शनिवारी पहाटे देतो म्हणाले, वर विचारलं, "शिजेल का पण?"

तोच प्रश्न मलाही आहे. यावल तालुक्यात तापीच्या पलीकडे आमचा केळीचा मळा आहे, तिथं करणार. घरी नको, शेजारी माळकरी आहेत आणि बारा तास धूर त्यांच्या खिडकीत सोडणं बरं दिसत नाही. भंगारातून दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आणलाय. लाकूड कुठलं घ्यावं? तिकडे एका विशिष्ट गुलाबीसर कागदात गुंडाळतात, तो इथं कुठून आणू? थर्मामीटर आहे, धीर नाही. बोला.

रस्सा_पाहिजेच (शनिवार, रात्री १०.२२)

रुमाल टाकून ठेवतो. फोटो टाकायचे नसतील तर धागा काढू नये असा नियम करा कुणीतरी.

नियमबाज (शनिवार, रात्री १०.४८)

वाद सुरू होण्याआधीच लिहितो. राज्यात १९७६ च्या कायद्यानं गाईची कत्तल बंद झाली, नंतरच्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. परवाना असलेल्या दुकानातून घ्या, पावती घ्या, आणि वाटेत उघड्या पिशवीत लोंबकळत नेऊ नका. बाकी चालू द्या.

फायरमनचा_पोरगा (रविवार, सकाळी ७.०५)

भाऊ, मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, पण विस्तवातलं कळतं. माझे बाबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. ते म्हणायचे, धुराड्याकडे बघ, फायरबॉक्सकडे नको. काळा धूर म्हणजे कोळसा जास्त आणि हवा कमी. पांढरा दाट धूर म्हणजे इंधन ओलं किंवा विस्तव अजून धरलेला नाही. चांगला विस्तव पेटला की धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही, नुसती हवा थरथरते, फार तर निळसर झाक.

तुमच्या ड्रमला तेच लागू. लोकांना वाटतं धुरावरचं करायचं म्हणजे भरपूर धूर पाहिजे. अर्धवट जळालेल्या लाकडाचा जो कडवट राळेसारखा थर बसतो तो कुणाला खायचाय? चुलीवरच्या जुन्या पातेल्याच्या बुडाला बोट लावून चाटून बघा.

लाकूड भिजवू नका. यूट्यूबवर सगळे भिजवतात. ओलं लाकूड आधी पाणी उकळवतं, तोवर पांढरा धूर सोडत बसतं. वाळलेलं घ्या, मनगटाएवढं, आणि थोडं थोडं टाका.

खाली हवेसाठी भोकं लागतील, त्यांना सरकता पत्रा लावा. उष्णता त्या पत्र्यानं कमी-जास्त करायची. झाकण उघडून नाही. झाकण उघडलं की उष्णता जाते असं वाटतं, पण हवा आत शिरते आणि पाच मिनिटांत विस्तव भडकतो.

वनस्पतीवाली_ताई (रविवार, सकाळी ९.३०)

लाकडाचं मी सांगते. धुळ्याला कॉलेजात बॉटनी शिकवते, आणि आमच्याकडे दर रविवारी मटण असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी अधिकार आहे.

टेक्सासात दोन लाकडं गाजलेली. मध्य भागात ओक. पश्चिमेच्या कोरड्या भागात मेस्किट. आता गंमत ऐका. मेस्किट म्हणजे प्रोसोपिस, आणि आपल्याकडे नदीपात्रात, रेल्वेलाइनच्या कडेनं, पडीक रानात जी वेडी बाभूळ माजलीय ती त्याच भावकीतली, मूळची अमेरिकेकडचीच. सख्खी नाही, चुलत बहीण म्हणा. देशी बाभळीशी गल्लत करू नका: देशीला गोल पिवळे गोंडे आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, वेडीला कणसासारखा लांबट फुलोरा आणि सपाट पिवळट शेंगा.

पण मेस्किटचा धूर तिखट असतो. तासाभराच्या भाजणीला छान, बारा तासांना फार होतो. म्हणून वेडी बाभूळ वापरायची तर बाजूला पेटवून निखारे करा आणि निखारेच ड्रममध्ये टाका. धुरासाठी पेरू, जांभूळ, आंबा, चिंच यातलं काहीही वाळलेलं चालेल. माझी पसंती पेरूला.

काय नको तेही लिहिते, कारण मळ्यात हाताला येईल ते टाकायची आपली सवय. कडुनिंब नको. निलगिरी नको. कण्हेर अजिबात नको, ते विषारी आहे. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या पेट्यांच्या फळ्या नको. आणि पऱ्हाट्या. भरताची वांगी आपण पऱ्हाट्यांवर भाजतो, ते पंधरा-वीस मिनिटांचं काम, वर साल सोलून टाकतो. इथं बारा तास तोच धूर मांसावर बसणार आणि ते सोलता येणार नाही. कपाशीवर किती फवारण्या होतात ते मी खान्देशातल्या माणसांना सांगायला नको.

सातपुड्यापल्याड (रविवार, सकाळी १०.१५)

ताईंच्या यादीत एक भर. मोहाचं लाकूड कुणी सुचवलं तरी घेऊ नका. आमच्या धडगाव भागात उभा मोह कुणी तोडत नाही. फुलं, टोळ (म्हणजे त्याची फळं), पानं, सगळं त्याच्याकडून येतं.

डॅलसचा_खान्देशी (रविवार, सकाळी ११.००)

इकडे अकरा वर्षं झाली, दर उन्हाळ्यात चार-पाच ब्रिस्केट होतात. काही गोष्टी आधीच डोक्यात घ्या.

सीन्यात दोन स्नायू एकावर एक असतात. एक पातळ, सपाट, कमी चरबीचा, आणि त्याच्या एका टोकावर चढलेला जाड, चरबीचा. मध्ये चरबीची पट्टी. दोघांच्या धाग्यांची दिशा वेगवेगळी, हे कापताना आठवेल. गुराला गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा भार हे छातीचे स्नायूच पेलतात. आयुष्यभर राबलेले, म्हणून चिवट. त्यांच्यातला कोलॅजेन विरघळून जिलेटिन झाला की तोच चिवटपणा लुसलुशीत होतो, आणि त्याला तास लागतात, मिनिटं नाही.

ड्रमचं तापमान १०७ ते १२० सेल्सियस. मांसाच्या पोटातलं ९५ च्या आसपास गेलं की तपासायला सुरुवात करा. आकडा ही फक्त सूचना. सळई घालून बघा, पिकल्या केळ्यात शिरावी तशी शिरली पाहिजे.

आणि ६५-७० ला काटा अडकेल. दोन तास, तीन तास, जागचा हलणार नाही. तुम्हाला वाटेल थर्मामीटर मेला, विस्तव मेला, तुमचं नशीब मेलं. घाबरू नका आणि विस्तव वाढवू नका.

एक शंका मात्र आहे. म्हशीचं मांस गाईपेक्षा कोरडं असतं, आत चरबीची जाळी कमी. पातळ बाजू वाळेल. खाटकाकडून वेगळी चरबी मागून घ्या आणि वर पसरा.

एमआयडीसी_वेल्डर (रविवार, दुपारी १.४०)

थांबा थांबा. ड्रममध्ये आधी काय होतं?

मळ्यातला_भुसावळकर (रविवार, दुपारी २.०५)

भंगारवाला म्हणाला गोडेतेल. वास मात्र वेगळाच येतोय. उद्या गॅसकटरवाल्याला बोलावलंय.

एमआयडीसी_वेल्डर (रविवार, दुपारी २.११)

कटरवाल्याला आधी फोन करून थांबवा, मग हे वाचा.

बंद ड्रमला गॅसकटर लावायचा नाही. आत वाफ साठलेली असते, ठिणगी लागली की ड्रम फुटतो. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. आमच्या धंद्यात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि तरी दरवर्षी कुणीतरी विसरतं.

आत काय होतं ते खात्रीनं माहीत नसेल तर तो ड्रम द्या सोडून. केमिकल किंवा औषधाचा असेल तर कितीही जाळा, खाण्याच्या कामाचा नाही. वरचं झाकण पूर्ण निघणारा, खाद्यतेलाचा, लेबल शाबूत असलेला बघून घ्या. मग भोकं ड्रिलनं पाडा, कटर लागतच नाही. आतला लेप जाईपर्यंत एकदा रिकाम्या ड्रममध्ये मोठा जाळ करा, घासा, तेल पुसा, परत तापवा. नव्या तव्यासारखं.

आणि जाळीला जस्ताचा मुलामा नको. चकचकीत स्वस्त जाळी दिसली की लोक भुलतात. जस्त तापलं की त्याचा धूर बाधतो. साधी लोखंडी सळई आणा, मी असतो तर फुकट जोडून दिली असती.

मळ्यातला_भुसावळकर (रविवार, दुपारी २.३०)

कटरवाला रद्द. दादा, तुमचे उपकार. बायकोनं हा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा.

रस्सा_पाहिजेच (रविवार, दुपारी २.३४)

फुकट जोडून देणार म्हणाले ते स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

सावद्याची_सून (रविवार, संध्याकाळी ६.२०)

कागदाचं काय घेऊन बसलात? केळीच्या मळ्यात बसून कागद शोधताय!

केळीचं पान घ्या. कोवळं नको, फाटतं. जून आणि अखंड, वाऱ्यानं न चिरलेलं. मधला दांडा तासून काढा, पान विस्तवावरून फिरवा. रंग गडद होऊन तुकतुकी आली की ते मऊ पडतं, मग कसंही दुमडा. दोन-तीन थर, उलटसुलट. बांधायला सुती दोरा किंवा सोपटाची, म्हणजे केळीच्या वाळक्या सालीची दोरी. नायलॉनची सुतळी नको, वितळेल.

कागदाचा फायदा काय, तर फॉइलसारखा वाफ पूर्ण कोंडत नाही, थोडा श्वास घेऊ देतो. पानही तेच करतं.

मळ्यातला_भुसावळकर (रविवार, रात्री ९.००)

सावद्याच्या वहिनी, साष्टांग. आजोबांच्या काळापासून केळी लावतोय आणि मला टेक्सासचा कागद आठवला.

ठरलं. ड्रम नवा (म्हणजे जुना, पण गोडेतेलाचा, लेबलासकट). कोळसा इस्त्रीवाल्याकडून, बाभळीचा आहे. धुराला पेरू. मीठ किलोला बारा ग्रॅम, मिरी भरड. आई म्हणतेय काळा मसाला लावल्याशिवाय मांस गळ्याखाली उतरणार नाही. तहात अर्धा तिचा, अर्धा माझा.

डॅलसचा_खान्देशी (रविवार, रात्री ९.४५)

काळा मसाला शेवटी लावा. सुरुवातीला नको. आईंना सांगा मी पाया पडून सांगितलंय.

फायरमनचा_पोरगा (रविवार, रात्री १०.०२)

इस्त्रीवाल्याकडे लाकडीच कोळसा आहे ना, बघून घ्या. दगडी असला तर गंधकाचा वास बसेल. पेटवायला रॉकेल नको. न पेटलेला कोळसा खाली भरा आणि वर चार-पाच मूठ निखारे ठेवा, वरून खाली सावकाश पेटत जातो.

मळ्यातला_भुसावळकर (पुढचा सोमवार, रात्री ८.३०)

झालं. उशीर झाला, माफी. काल रात्री हात उचलत नव्हते.

शनिवारी पहाटे खाटीकभाऊंनी सीना काढून ठेवला होता, पाच किलो सातशे. सोबत चरबी वेगळी बांधली होती, पैसे घेतले नाहीत. "काय होतं ते सांगा" एवढंच म्हणाले. चरबी पांढरीशुभ्र. टेक्सासात पिवळट बघायची सवय, म्हणून घरी येऊन वाचलं, म्हशीची पांढरीच असते. साफ करून चार किलो चारशे उरलं. मीठ-मिरी लावून रात्रभर फ्रिजमध्ये. आईनं पातळ बाजूला काळा मसाला चोळला. डॅलसवाल्या भाऊंचा निरोप दिला होता. ती म्हणाली, "त्याला सांग, मी त्याच्या जन्माआधीपासून मसाला कुटते."

रविवारी पहाटे साडेचारला मळ्यात. थंडी अशी की ड्रमवर दव. सोबत चुलतभाऊ, तो जागा राहायच्या अटीवर आला होता आणि सहा वाजता ट्रॅक्टरच्या सीटवर घोरत होता. विस्तव धरायला सव्वा तास गेला. सुरुवातीला पांढराफटक धूर निघाला, मांस चढवायचा मोह झाला, पण फायरमनदादांचं वाक्य आठवलं आणि थांबलो. पावणेसहाला धूर पातळ झाला. बॅटरीच्या उजेडात तो दिसेना, हात वर धरला तर नुसती ऊब. तेव्हा मांस ठेवलं, चरबीची बाजू खाली, विस्तवाकडे.

पहिले चार तास सुखाचे. दर तासाला पेरूची एक ढलपी. ड्रम ११० ते ११५. झाकणावरचा काटा आणि जाळीवरचा काटा यात वीस अंशांचा फरक होता, हे मात्र लिहून ठेवा, झाकणावरच्यावर विश्वास ठेवला असता तर वाट लागली असती. दोन्ही आदल्या रात्री उकळत्या पाण्यात घालून तपासले होते, दोन्ही ९९ दाखवत होते. म्हणजे काटे खरे, जागा वेगळी.

साडेअकराला मांस ६७ वर पोचलं आणि बसलं. बारा, ६७. साडेबारा, ६८. एक वाजता परत ६७! खाली उतरलं! पाहुणे सात वाजता बोलावलेले. मेव्हण्याचा फोन, "निघू का?" चुलतभाऊ उठून म्हणाला, हवा वाढव.

वाढवली. चूक इथं झाली. खालचे दोन्ही पत्रे पूर्ण उघडले आणि केळीच्या ओळीत पाच मिनिटं पाठ टेकायला गेलो. जाग आली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. जाळीवर १६४.

पत्रे बंद करून तापमान उतरायला पाऊण तास. पातळ बाजूचं टोक, आईच्या मसाल्याचं, वहाणेच्या तळव्यासारखं झालं होतं. मसाल्यातलं खोबरं जळून कडू. आई काही बोलली नाही. न बोलणं जास्त लागलं.

मग पानं. वहिनींनी सांगितलं तसं विस्तवावरून फिरवली. पान तापताना मधूनच रंग पालटतो, जणू कुणी त्यावरून ओला हात फिरवला, आणि हातातलं कडक पान कापडासारखं लोंबतं. तीन थर, सोपटाची दोरी. वरची उरलेली चरबी आत घातली. पाच वाजता ८६, साडेसहाला ९३. सातला सळई घातली. जाड बाजूला आरपार गेली, हाताला काही लागलंच नाही. मी परत घातली, चुकून भोक सापडलं की काय म्हणून.

लगेच कापलं नाही. पानासकट जुन्या गोधडीत गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत दीड तास. पाहुणे पेटीभोवती बसून होते, जणू आत बाळ आहे.

साडेआठला उघडली. पानं तपकिरी, कडेला करपलेली, तळाशी वाटीभर काळपट रस. वास सांगता येत नाही: पेरूचा धूर, आणि मागून हळदीच्या पानांतल्या पातोळीची आठवण करून देणारं काहीतरी, ते केळीच्या पानाचं. जाड बाजू कापली. काळी साल, तिच्या खाली बोटाच्या पेराएवढी गुलाबी कड, मग तपकिरी मांस. काप उचलला की स्वतःच्या वजनानं वाकत होता, तुटत नव्हता. सोबत कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा.

टेक्सासाइतकं झालं का? नाही. चरबी कमी, त्यामुळे ती ओठाला चिकटणारी मजा जाड टोकालाच होती. पण म्हशीच्या मांसाला स्वतःची चव जास्त आहे, धुरापुढे ती दबली नाही. जाड बाजूला मी दहापैकी आठ देतो, पातळीला तीन.

रस्सा_पाहिजेच (सोमवार, रात्री ८.४१)

फोटो??

मळ्यातला_भुसावळकर (सोमवार, रात्री ८.४४)

कापताना दोन्ही हात भरलेले, आणि नंतर जाड बाजूचं काही उरलं नाही. पेटीचा फोटो आहे.

अहिराणी_भो (सोमवार, रात्री ९.०३)

भो, इतलं बठ्ठं व्हयनं नि आम्हले बलावं नही? यावल काय लांब शे का?

गुलाबी_म्हणजे_कच्चं (सोमवार, रात्री ९.१५)

गुलाबी कड लिहिलीय ती कच्ची राहिली असेल. पोट सांभाळा.

वनस्पतीवाली_ताई (सोमवार, रात्री ९.४०)

कच्ची नाही. मांसाला लाल रंग देणारा जो मायोग्लोबिन असतो, त्याच्याशी विस्तवातले वायू, नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड, जुळतात आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. कडेपुरताच, कारण वायू तेवढेच आत शिरतात. मांस गार आणि ओलं असताना हे जास्त होतं, म्हणून फ्रिजमधून थेट ठेवलं ते बरंच झालं. ९३ अंशांपर्यंत गेलेलं मांस कच्चं कसं असेल?

कूलरदुरुस्ती (सोमवार, रात्री १०.१०)

त्या अडकलेल्या काट्याचं मला सांगू द्या, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. जळगावात कूलर दुरुस्त करतो.

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि माठातलं पाणी गार. का? माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. कूलरच्या ओल्या ताट्या तेच करतात. तुमचं मांस म्हणजे माठ. विस्तव उष्णता देतोय आणि मांसातलं पाणी वर येऊन उडतंय, उडताना तेवढीच उष्णता नेतंय. देणं-घेणं सारखं झालं की काटा थांबतो. वरून सुकलं की परत चढतो.

म्हणून पानात गुंडाळल्यावर चढला. कूलरच्या ताट्यांवर प्लास्टिक टाका, हवा गरम यायला लागेल. तेच.

एक वाजता ६८ चं ६७ झालं ना? तेव्हा वारा सुटला असेल नाहीतर झाकण उघडलं असेल.

मळ्यातला_भुसावळकर (सोमवार, रात्री १०.२५)

झाकण उघडलं होतं. चुलतभावाला दाखवायला. तुम्ही तिथं होतात का?

तुमचा माठ आधी वाचला असता तर पत्रे उघडलेच नसते. सगळ्यांनी सांगितलं होतं की अडकेल, घाबरू नकोस. का अडकतो ते कळलं नव्हतं म्हणून घाबरलो.

डॅलसचा_खान्देशी (सोमवार, रात्री ११.५०)

पहिल्या खेपेला दहापैकी आठ? माझं पहिलं कुत्र्यानं पण सोडलं होतं. पुढच्या वेळी पाहुण्यांना वेळ सांगू नका, "झालं की फोन करतो" सांगा. आणि पातळ टोक आधीच कापून वेगळं काढा, ते तसंही वाळणारच. त्याचं काय केलंत?

मळ्यातला_भुसावळकर (मंगळवार, सकाळी ७.१५)

आईनं केलं. काल सकाळी उठलो तर ते तळवं घेऊन ती पाट्यापाशी बसली होती. करपलेला मसाला सुरीनं खरवडला, बारीक चिरलं, पानांच्या तळाशी जमलेला रस कढईत, त्यात भाजलेला कांदा-खोबरं, ताजा काळा मसाला, पाणी. पाऊण तास झाकून. तर्री वर आली तेव्हा आख्ख्या घरात धुराचा वास, पण चुलीवरच्या जेवणाचा असतो तसा. बाजरीची भाकरी चुरून खाल्लं. चुलतभावानं चार वेळा घेतलं. मी जाड बाजूला आठ दिले होते, याला किती द्यावेत कळत नाही.

डबा भरून खाटीकभाऊंना देऊन आलो. रस्सा प्यायले, मग तुकडा चावला, मग म्हणाले, "शिजलं की." पुढच्या महिन्यात दोन सीने बाजूला ठेवायला सांगितलेत.

रस्सा_पाहिजेच (मंगळवार, सकाळी ७.१८)

मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो? आयडी वाचा माझा.

एमआयडीसी_वेल्डर (मंगळवार, सकाळी ८.००)

दोन सीने एका ड्रममध्ये बसायचे नाहीत. दुसरी जाळी लागेल, वरच्या बाजूला. सळई तुम्ही आणा. रविवार सोडून कधीही या.

अहिराणी_भो (मंगळवार, सकाळी ८.०९)

भाकरी मी लई येस. तारीख सांगा.